काडीवर जगलेली सफरचंदं

ऑक्टोबर लागला की न्यूयॉर्क, व्हरमाँट, मेन, मिशिगन या अमेरिकी राज्यांतल्या काही जुन्या बागांमध्ये एका वेगळ्याच कामाची घाई सुरू होते. बाजारात जायचा माल मोठ्या पेट्यांतून ट्रकमध्ये चढत असतो, पण एका बाजूला छोटे खोके बांधले जात असतात. हे खोके विकत घेणाऱ्याच्या घरी जात नाहीत, तर तो ज्याचा पत्ता देईल त्याच्याकडे जातात. खोक्यात डझन-दोन डझन फळं, प्रत्येक आपापल्या खणात, आणि शक्यतो प्रत्येक वेगळ्या वाणाचं. सोबत एक छापील चिठ्ठी असते. कोणत्या फळाचं नाव काय, ते मूळचं कुठलं, आधी कोणतं खायचं आणि कोणतं राखून ठेवायचं, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. नाताळाच्या आधी असे खोके दूरच्या आप्तांना, शिक्षकांना, जुन्या शेजाऱ्यांना पाठवायची तिथे रीत आहे.

खोका उघडल्यावर पहिलं लक्ष जातं ते रंगांकडे. दुकानातल्या मांडणीत सफरचंद म्हणजे लाल, फार तर हिरवं किंवा पिवळं. इथे मात्र तुकतुकीत लाल हनीक्रिस्पच्या शेजारी रॉक्सबरी रसेट बसलेलं असतं. त्याची साल तपकिरी, खरबरीत, हात लावला तर कोरडी. त्याच्या पलीकडे जवळजवळ काळं दिसणारं आर्कान्सा ब्लॅक, आणि एखाद्या कोपऱ्यात मुठीत दोन-तीन मावतील एवढी चिमुकली लेडी सफरचंदं. या लेडी सफरचंदांनी नाताळची तोरणं सजवायची पद्धत जुनी आहे. रॉक्सबरी रसेट सतराव्या शतकातलं, बॉस्टनजवळच्या रॉक्सबरी गावचं. अमेरिकेत जन्मलेल्या नामांकित सफरचंदांपैकी ते बहुधा सर्वांत जुनं. हनीक्रिस्प बाजारात आलं १९९१ मध्ये. या दोन शेजाऱ्यांच्या वयात साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे.

हे अंतर ओलांडून रॉक्सबरी रसेट आजच्या खोक्यापर्यंत पोचलं कसं, हा खरा कुतूहलाचा विषय आहे, कारण सफरचंदाचं वाण बीतून पुढे जात नाही.

आंब्याच्या बाबतीत ही गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. हापूसची कोय पेरली तर हापूस येईलच याची खात्री नाही, येतो तो रायवळ. सफरचंदाचं तर त्याहून अवघड. या झाडाला स्वतःच्या परागानं सहसा फळ धरत नाही, दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. त्यामुळे प्रत्येक बी हा नवा संकर असतो. एकाच फळातल्या पाच बिया पेरल्या तर पाच निराळी झाडं उभी राहतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची फळं आंबट, तुरट, बारकी निघतात. सफरचंदाचे रानटी पूर्वज आजही मध्य आशियात, कझाकस्तानच्या तिएनशान डोंगरांत उभे आहेत. तिथल्या जंगलात एका झाडाचं फळ गोड, तर शेजारच्याचं तोंडात धरवत नाही. हजारो रोपांतून एखादं खरोखर चांगलं निघतं. ते हातचं जाऊ द्यायचं नसेल तर उपाय एकच, कलम.

कलमाचं काम हिवाळ्याच्या शेवटी होतं. झाड निद्रिस्त असताना मागच्या हंगामात वाढलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी कापतात. तिच्यावर तीन-चार डोळे असले की पुरे. काडीचं बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, खुंटाच्या, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रोपाच्या, डोक्याला चाकूनं उभी चीर द्यायची आणि पाचर त्या चिरेत बसवायची. सगळं कसब सालीच्या लगेच खालच्या पातळ हिरव्या पदरात आहे. झाडाची वाढ त्याच पदरातून होते, म्हणून काडीचा पदर आणि खुंटाचा पदर निदान एका बाजूला तरी तंतोतंत जुळावा लागतो. मग पट्टीनं घट्ट बांधून वरून मेण लावायचं, म्हणजे जखम सुकत नाही. काही आठवड्यांत डोळे फुगले, कोंब हिरवा झाला की कलम लागलं. वर वाढतं ते झाड मूळ झाडाचाच भाग असतं. या अर्थानं जगातली सगळी रॉक्सबरी रसेटची झाडं म्हणजे रॉक्सबरीतलं ते एकच झाड, साडेतीन शतकं हातोहात पुढे सरकलेलं.

हातोहात हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. काडी आपोआप उडून जात नाही, कुणीतरी ती कापून कुणाला तरी द्यावी लागते. जुन्या सफरचंदांच्या कहाण्या वाचताना हे देणं पानोपानी भेटतं. ऱ्होड आयलंड ग्रीनिंग हे हिरवं, आंबटसर, ॲपल पायसाठी नावाजलेलं सफरचंद. त्याची कथा अशी सांगतात, की न्यूपोर्टजवळ ग्रीन आडनावाच्या माणसाची खाणावळ होती आणि तिच्या आवारात हे झाड होतं. येणारे-जाणारे पाहुणे फळ चाखत आणि काडी मागत. मालक देत गेला. इतक्या काड्या गेल्या, की मूळ झाडच मेलं. वाण मात्र आजही जिवंत आहे.

न्यूटाउन पिपिनच्या मूळ झाडाबद्दलही हेच सांगतात. हे झाड लाँग आयलंडवरच्या न्यूटाउनचं, म्हणजे आज न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात मोडणाऱ्या वस्तीचं. अठराव्या शतकात त्याची कीर्ती पसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काड्या देऊन देऊन थकलेलं झाड गेलं. तोवर त्याची भावंडं कुठल्या कुठे पोचली होती. बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्ये असताना त्याला घरून ही सफरचंदं आली. त्याचा मित्र, वनस्पतींचा वेडा पीटर कॉलिन्सन, यानं ती पाहिली आणि फिलाडेल्फियाच्या जॉन बार्ट्रमकडे लगेच काड्यांची मागणी केली. थॉमस जेफरसननं तर पॅरिसहून पत्रात लिहिलं, की आमच्या न्यूटाउन पिपिनच्या तोडीचं सफरचंद इथे नाही. व्हर्जिनियातल्या ॲल्बेमार्ल परगण्यात हेच वाण गेलं ते डॉक्टर थॉमस वॉकर यांच्या हातून, १७५५ च्या मोहिमेवरून परतताना, असं तिकडे सांगतात. तिथल्या मातीत ते इतकं रमलं, की त्याला ॲल्बेमार्ल पिपिन असं नवं नाव मिळालं. दोन्ही वाणं एकच आहेत हे लोकांच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

याच पिपिनच्या नशिबी राजेशाही भेटीचाही मान आला. अँड्र्यू स्टीव्हन्सन हे १८३६ ते १८४१ या काळात ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते. त्यांच्या पत्नीचं माहेर ॲल्बेमार्लचं. त्यांनी घरच्या बागेतली पिपिनं नुकत्याच गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. राणीला ती एवढी आवडली की पुढे या सफरचंदांवरची जकात उठली, अशी कथा व्हर्जिनियात आवडीनं सांगितली जाते. जकातीचा भाग कितपत खरा हे बाजूला ठेवलं, तरी लिव्हरपूलच्या बाजारात या पिपिनला इतर सफरचंदांपेक्षा चढा भाव मिळत असे, हे नक्की.

पिपिनला एवढी मोहिनी का होती ते चवीवरून कळतं, पण त्यासाठी थांबावं लागतं. ऑक्टोबरात झाडावरून उतरवलेलं फळ कडक आणि आंबट लागतं. थंड जागी दोन-तीन महिने ठेवलं की आतला आंबटपणा हळूहळू ओसरतो, गोडी वर येते, सुवास उघडतो. नाताळानंतरचं पिपिन आणि तोडणीच्या दिवशीचं पिपिन यांत दोन निरनिराळ्या फळांइतका फरक असतो. शीतगृहं नव्हती तेव्हा तळघरात फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकणारं आणि टिकता टिकता चांगलं होणारं फळ म्हणजे केवढी मोठी सोय. शिडाच्या जहाजातून अटलांटिक ओलांडायलाही तेच लागत होतं. रसेट जातींचं थोडं निराळं. त्यांच्या सालीवरचा मेणाचा थर तडकून त्या जागी बुचासारखा थर तयार होतो, म्हणून ती खरबरीत लागतात. या सालीतून पाणी लवकर निघून जातं आणि फळ सुरकुततं. सुरकुतलेलं रसेट पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, पण पाणी कमी झाल्यानं त्याचा गर दाट आणि कमालीचा गोड झालेला असतो. जाणकार लोक ते मुद्दाम मागून घेतात.

सगळी जुनी वाणं अशी सोशिक नाहीत. ईसोपस स्पिट्झनबर्ग हे जेफरसनच्या आवडीचं. त्यानं आपल्या माँटिचेलोच्या बागेत ते लावलं, पण उत्तरेच्या थंडीत सुखावणारं झाड व्हर्जिनियाच्या उष्म्यात रुळलं नाही. रोगालाही ते चटकन बळी पडतं. नॉर्दर्न स्पाय हे तर बागायतदाराच्या संयमाची परीक्षा पाहतं, नेहमीच्या खुंटावर फळ धरायला दहा-दहा वर्षं लावतं. त्याचं मूळ रोप फळ येण्याआधीच मेलं होतं. मुळातून फुटलेले धुमारे दुसऱ्या एकानं नेऊन लावले म्हणून हे वाण आपल्यापर्यंत आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट ब्लूमफील्डमध्ये १८०० च्या सुमारास घडलेली ही गोष्ट. त्यानं धुमारे नेले नसते, तर आज पायसाठी हक्कानं मागितलं जाणारं हे सफरचंद कुणाच्या जिभेला कधी लागलंच नसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या देवाणघेवाणीत मोठी रोपवाटिका शिरली. आयोवातल्या जेसी हिआट या शेतकऱ्यानं ओळीच्या बाहेर उगवलेलं एक रोप दोनदा छाटलं, ते दोन्ही वेळा पुन्हा फुटलं. शेवटी त्यानं ते वाढू दिलं. मिझुरीतल्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेनं १८९३ मध्ये चांगल्या सफरचंदांची स्पर्धा लावली, तेव्हा हिआटनं त्या झाडाची चार फळं पाठवली. फळं जिंकली, पण पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता गहाळ झाला. पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा फळं पाठवली तेव्हा कुठे माग लागला. ते होतं डेलिशियस. वीस वर्षांनी, १९१४ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातल्या क्ले परगण्यातून अँडरसन मुलिन्स यानं स्टार्क बंधूंना तीन पिवळी सफरचंदं टपालानं धाडली. पॉल स्टार्क ते झाड बघायला स्वतः डोंगर चढून गेला. त्यानं झाड आणि त्याखालची नऊशे चौरस फूट जमीन पाच हजार डॉलरला विकत घेतली, आणि झाडाभोवती जाळीचा पिंजरा उभारून त्याला धोक्याची घंटाही बसवली. काडी कुणी चोरून नेऊ नये म्हणून. गोल्डन डेलिशियसचा हा पिंजरा सफरचंदाच्या इतिहासातला एक नवा काळ सांगतो. खाणावळीच्या आवारातलं, ज्याला हवी त्याला काडी देणारं झाड आणि घंटेच्या पहाऱ्यात उभं असलेलं झाड यांच्यामध्ये जेमतेम अडीच शतकं गेली होती.

पुढे पिंजऱ्याची जागा कायद्यानं घेतली. १९३० मध्ये अमेरिकेत वनस्पती पेटंटचा कायदा झाला. कलम किंवा काडीनं वाढवल्या जाणाऱ्या नव्या वाणावर पैदासकाराचा हक्क मान्य झाला. या हक्काची मुदत आता अर्ज केल्यापासून वीस वर्षांची आहे. या काळात परवानगीशिवाय त्या वाणाची काडी शेजाऱ्याला देणंसुद्धा बेकायदा ठरतं.

भेटपेटीतलं हनीक्रिस्प याच काळाचं लेकरू. मिनेसोटा विद्यापीठात त्याचा संकर १९६० मध्ये झाला. सत्तरच्या दशकात कडक थंडीनं झाड मार खाल्लेलं दिसलं म्हणून ते टाकून द्यायच्या यादीत गेलं. नव्यानं रुजू झालेल्या डेव्हिड बेडफर्ड यांनी त्याला आणखी एक संधी दिली. फळ चाखल्यावर सगळ्यांना कळलं की हे काही निराळंच आहे. पिठूळ सफरचंद चावलं की त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि तोंडात रवा झाल्यासारखं वाटतं. हनीक्रिस्पच्या मोठ्या, रसानं तट्ट फुगलेल्या पेशी चावताक्षणी फुटतात. कडकन आवाज होतो आणि रस एकदम जिभेवर येतो. त्याचे आईबाप कोण याची विद्यापीठाची जुनी नोंद चुकीची होती, हे पुढे डीएनए चाचण्यांतून उघड झालं. त्याच्या आजी-आजोबांत निघालं ते मुलिन्सच्या डोंगरावरचं गोल्डन डेलिशियस. पिंजऱ्यातल्या झाडाचा वंश असा खोक्यात पुन्हा भेटतो.

हनीक्रिस्पनंतर बंधनं आणखी घट्ट झाली. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठानं एंटरप्राइझ आणि हनीक्रिस्प यांच्या संकरातून कॉस्मिक क्रिस्प तयार केलं. १९९७ मध्ये सुरू झालेलं हे काम २०१९ च्या डिसेंबरात दुकानापर्यंत पोचलं. अमेरिकेत ते सुरुवातीची काही वर्षं फक्त वॉशिंग्टनच्या बागायतदारांनाच लावता येतं. पिंक लेडीसारखी काही सफरचंदं तर ठरलेल्या अटी पाळणाऱ्यांनाच त्या नावानं विकता येतात. यात अन्याय आहे असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. एक चांगलं वाण शोधायला वीस-पंचवीस वर्षं, हजारो रोपं आणि सरकारी तिजोरीतला पैसा लागतो. त्या खर्चाची भरपाई कुठूनतरी व्हायलाच हवी. मात्र त्याची किंमतही आहे. ज्या वाणाची काडी कुणालाच देता येत नाही, ते वाण त्याच्या मालकाला नकोसं झालं की सांभाळणारा दुसरा कुणी उरत नाही. रॉक्सबरी रसेटला मालक नव्हता, म्हणून ते शेकडो परसांत विखुरलं गेलं आणि टिकलं.

भारतातल्या सफरचंदाचा मोठा हिस्साही अशाच दिलेल्या रोपांवर उभा आहे. फिलाडेल्फियाचा सॅम्युएल स्टोक्स १९०४ मध्ये भारतात आला, सिमल्याच्या पुढे कोटगडला स्थायिक झाला. त्यानं स्टार्क बंधूंकडची डेलिशियसची रोपं १९१६ च्या सुमारास तिथे लावली. पुढे त्याच्या आईनं नाताळची भेट म्हणून गोल्डन डेलिशियसची रोपं पाठवली. स्टोक्सनं शेजारच्या पहाडी शेतकऱ्यांना रोपं वाटली, लागवड शिकवली. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेलेला आणि पुढे सत्यानंद हे नाव घेतलेला हाच माणूस. वाशीच्या बाजारात हिमाचलचा शिक्का असलेली जी लाल डेलिशियसची पेटी उघडते, तिची वंशावळ हिआटच्या आयोवातल्या रोपापर्यंत जाते. अलीकडच्या काळात हिमाचलमधल्याच बिलासपूर जिल्ह्यातले हरिमन शर्मा यांनी कमी उंचीवर, उष्ण हवेत फळणारं एक रोप हेरलं आणि त्याची कलमं केली. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना हिवाळ्यात शेकडो तासांची थंडी लागते, ती दख्खनच्या पठारावर मिळत नाही. एचआरएमएन-९९ नावाचं हे वाण कमी थंडीवर भागवतं, म्हणून महाराष्ट्रातल्याही काही शेतकऱ्यांनी ते लावून पाहिलं आहे.

डेलिशियसची कहाणी अमेरिकेत मात्र दुःखाकडे वळली. लाल रंग अधिक खपतो म्हणून ज्या फांदीवर जास्त लाल फळ दिसेल तिचीच काडी निवडली जाऊ लागली. फळ पिकण्याआधीच लाल होऊ लागलं, साल जाड झाली, गर पिठूळ आणि फिका. रंगामागे धावताना चव मागे पडली, आणि अखेर गिऱ्हाइकानंही पाठ फिरवली. २०१८ मध्ये उत्पादनात गाला या वाणानं डेलिशियसला मागे टाकलं. तोवर रेल्वे, शीतगृहं आणि मोठी दुकानं यांना सोयीच्या मोजक्या वाणांपुढे इतर हजारो वाणं बागांतून उखडली गेली होती.

ती पुन्हा शोधणारी माणसं आहेत, आणि त्यांचं काम थक्क करणारं आहे. नॉर्थ कॅरोलिनातले टॉम ब्राऊन गेली काही दशकं ॲपलाचियाच्या डोंगरवस्त्यांत म्हाताऱ्या माणसांना विचारत, पडक्या घरांमागची झाडं धुंडाळत फिरले. विसरली गेलेली हजाराहून अधिक वाणं त्यांनी हुडकली. वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमधल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये हरवलेली मानली गेलेली दहा वाणं एकदम सापडल्याचं जाहीर केलं. ओळख पटवायला कामी आली ती अमेरिकी कृषी खात्यानं १८८६ पासून काढवून घेतलेली जलरंगातली फळचित्रं. साडेसात हजारांच्या आसपास असलेल्या या चित्रांतली निम्मी सफरचंदांची आहेत, आणि चित्रकारांत बायकांचा मोठा वाटा होता. देठाजवळची खोली, तळाकडचा खळगा, कापलेल्या फळातला बियांचा कप्पा, डाग, ठिपके हे सगळं त्यांत इतकं बारकाईनं टिपलेलं आहे, की शंभर वर्षांनी झाडावरचं फळ चित्राशेजारी धरून नाव ठरवता येतं.

वाण सापडलं की पुढचं पाऊल पुन्हा तेच, काडी. मेन राज्यात युनिटी गावी सेंद्रिय शेतकऱ्यांची संघटना मार्चच्या अखेरीस बियाणं आणि काड्यांची देवाणघेवाण भरवते. लोक हिवाळ्यात कापलेल्या काड्या ओलसर कागदात गुंडाळून, नावाच्या चिठ्ठ्या लावून आणतात आणि टेबलावर मांडतात. ज्याला हवी त्यानं न्यावी, नेताना आपली ठेवावी. मेनचं जांभळट-काळं ब्लॅक ऑक्सफर्ड आणि कुणाच्या परसातलं अजून नाव न लागलेलं झाड अशा मांडणीत शेजारी-शेजारी असू शकतात. हनीक्रिस्पचं पेटंट २००८ मध्ये संपलं, तेव्हापासून त्याचीही काडी अशी उघडपणे देता येते. कॉस्मिक क्रिस्पच्या काडीला त्यासाठी अजून काही वर्षं थांबावं लागेल.